दोघांत एक पट्टा

झरीच्या सूर्यभानची राणी डॉक्टर झाली हे गावाला कळलं, पण कशाची झाली हे बरीच वर्षं कळलं नाही. दवाखाना नाही, सुई नाही, गोळी नाही. कुणी विचारलं की तिची माय छबूबाई ताठ मानेनं सांगायची, "झोपंची डॉक्टर हाय. उंदरं कवा निजत्यात, कवा उठत्यात ते बगती."

"मंग आमच्या घरची उंदरं फुकटच जागायलीत की!"

"हास बाबा. पर रोज त्याच येळंला तुझा डोळा कसा उघडतो, ठाव हाय का तुला?"

हे राणीनंच मायला शिकवलेलं. डोळ्यांच्या मागं, मेंदूच्या तळाशी, तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा पुंजका असतो. उजेड-अंधार बघून तो सगळ्या अंगाचं वेळापत्रक चालवतो. परभणीत बीएस्सी, पुण्यात एमएस्सी करून राणी हैदराबादेच्या प्रयोगशाळेत गेली आणि नऊ वर्षं त्या एका दाण्याच्या मागं लागली. उंदरं दिवसेंदिवस अंधारात ठेवली तरी तो आपली वेळ सोडत नाही, पण अवेळी उजेड दिला की कसा भांबावतो, यावरचे तिचे निबंध परदेशात छापून आले. तरी तिचं मन उंदरांवर भागेना. सूर्यभान आणि छबूबाई सतरा हंगाम ऊसतोडीला गेले होते, पहाटे तीनला उठून फडात. अशा माणसांच्या मेंदूतल्या त्या दाण्याचं काय होत असेल, हे तिला मोजायचं होतं.

दोन वर्षं अर्जांवर अर्ज केल्यावर संस्थेनं तिला स्वतःचा पहिला प्रकल्प दिला. पूर्णेकडच्या एका तळावर तोडकऱ्यांच्या मनगटाला पट्टे बांधायचे. पट्टा हालचाल आणि उजेड टिपतो, त्यावरून माणूस कधी झोपला ते कळतं. मुकादम भगवानरावांनी यादी दिली, पट्टेही त्यांनीच वाटले.

तीन आठवड्यांनी आकडे बघून तिचा सहायक प्रीतम हबकला. "मॅडम, वीसपैकी सतरा माणसं दिवसाला दोन ताससुद्धा झोपत नाहीत. असं कुणी जगेल का? पट्टेच खराब आहेत."

संस्थेचा निरोप आला : आठ दिवसांत खुलासा द्या, नाहीतर प्रकल्प बंद.

राणी झरीला येऊन तळावर निघाली तशी छबूबाईनं चप्पल घातली. "मी बी येते. कोपीत कसं बसावं ते इसरली असशील तू."

दुपारी फडातून माणसं परतली होती. पाचटाच्या एका कोपीपुढं कमलबाई भाकरी थापायली होती, पट्टा तिच्या मनगटावर. बाजूला तिचा नवरा आदिनाथ घोरत पडला होता, हात मोकळा.

छबूबाईनं विचारलं, "आगं, तुझ्या मालकाचा पट्टा कुटं हाय?"

"ह्यो काय. दोगांचा एकच. कोयत्याला एक दिला न्हवं मुकादमानं? चोवीस घंटे हातावर ठिवा म्हणले. मंग जो जागा असंल त्यानं घालायचा. निजलेल्याच्या हाताला बांधून वायाच जायचा की! मी आडवी झाले की ह्यांला देते. घंटाभर बी रिकामा ठिवला न्हाई ताई, इमानानं."

राणीनं पिशवीतून मुकादमाची यादी काढली. नवरा-बायको मिळून एक कोयता. तळावर माणसं अशीच मोजतात, यादीतही नवऱ्याचंच नाव. प्रीतमनं फोनवर 'किती पट्टे?' विचारलं तेव्हा तीच यादी बघून तिनं 'वीस' सांगितलं होतं. पुण्यात वाढलेल्या प्रीतमचा काय दोष? मायबापाला एकच धरायची सवय लहानपणापासून तिलाच लागलेली.

छबूबाईला हसू आवरेना. "शिकून शिकून मुकादमावाणी मोजलंस की गं!"

फोनवर सगळं ऐकून प्रीतम म्हणाला, "मॅडम, पट्टे बिघडले असं लिहू. निभावून जाईल."

"पट्टे चांगले हायत," राणीच्या तोंडून झरीचीच बोली निघाली. "चूक माझी हाय. तसंच लिहायचं."

तसंच लिहिलं, आणि खाली आणखी वीस पट्टे मागितले. ऑनलाइन बैठकीत एका वयस्क शास्त्रज्ञांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही तिथल्याच ना? तरी लक्षात आलं नाही?"

"तिथलीच आहे सर, म्हणून त्यात काही वेगळं वाटलंच नाही. आता मात्र बाई वेगळी मोजल्याशिवाय मी हलणार नाही."

त्यांनी तिचा खुलासा पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "पट्टे पाठवा यांना."

हंगाम संपता संपता राणी कागद घेऊन तळावर आली. यावेळी प्रत्येक कोयत्याच्या झोपेच्या दोन रेघा होत्या. पुरुषांची झोप सरासरी पावणेसहा तास, बायकांची सव्वाचार. संस्थेनं प्रकल्प आणखी तीन हंगाम वाढवला होता.

आदिनाथ कागदावर वाकला. "ही आखूड रेघ कमलची?"

"हो."

त्यानं मान खाजवली. "मला वाटायचं, ही बी माझ्याएवढीच निजती. ताई, हे मोठ्यानं वाचा ना. समद्यांला ऐकू द्या."

बाया भांडी ठेवून पुढं आल्या. राणीनं उभं राहून वाचायला घेतलं, "कमलबाई आदिनाथ. चार तास बारा मिनिटं."

छबूबाई भगवानरावांकडं वळली. "मुकादम, बगत काय बसलात? यादीत बायांची बी नावं लिवून घ्या."

भगवानरावांनी खिशातून पेन काढलं. राणीनं पुढचं नाव वाचलं.