उसाच्या रस्त्यावर घेतलेली हजेरी

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, डिसेंबरात आलो की आम्हालाही सायकलवरून भुलेश्वरला नेशील ना? मी नुसतं "बघू" म्हणाले. असं अर्धवट उत्तर देणं मला आवडत नाही, म्हणून सगळं नीट लिहिते.

गुडघे बदलल्यानंतर डॉक्टरांनी मला सायकल चालवायला सांगितली होती. फक्त उकिडवं बसायचं नाही, एवढी ताकीद दिली. तुमच्या गिअरच्या सायकली गोठ्याशेजारी पडूनच होत्या. मोठी माझ्याकडे आली आणि छोटी तुमच्या मोठ्या आजीकडे, म्हणजे माझ्या थोरल्या जावेकडे, आक्कांकडे. लहानपणी त्या डेअरीवर दूध सायकलवरूनच न्यायच्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून त्या सायकलवर बसल्या की मला मागे टाकतात.

भुलेश्वरचा रस्ता तसा सोपा आहे. वस्तीपासून कालव्यापर्यंत जवळजवळ सपाट, मग घाट. घाटात आम्ही सायकली सरळ हातात धरून चालतो, लाज कसली. वर पोचलं की जुन्या गडाची तटबंदी आणि तिच्यात ते काळ्या दगडाचं देऊळ. बाहेरून काहीच वाटत नाही. आत गेल्यावर अंधाराला डोळे सरावले की भिंतीभर कोरीव बायका, हत्ती, घोडे दिसू लागतात. पुष्कळांचे हात, नाकं फोडलेली आहेत.

काळजी खालच्या पट्ट्याची होती. कालव्यापासून आमच्या वस्तीपर्यंत दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस आहे, आणि आम्ही गेलो त्या महिन्यात बिबट्याने पलीकडच्या वस्तीवरचं वासरू नेलं होतं. आता इकडे बायका एकेकट्या शेतात जात नाहीत. एक गवत कापायला वाकली की दुसरी तिच्यामागे उभी राहते आणि मोठ्याने बोलत राहते. वाकलेलं, बसलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं म्हणतात. म्हणून मी वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं होतं. एकला निघायचं, साडेतीनला देऊळ सोडायचं, पाचच्या आत घरी.

ते बिघडलं पेढ्यांमुळे. तिथे पिंडीखालच्या पोकळीत पेढ्यांचं ताट ठेवतात. थोड्या वेळाने बाहेर काढल्यावर एखादा पेढा कमी झाला, तर देवाने घेतला असं समजतात. त्या दिवशी पाचच्या पाच पेढे परत आले. आक्का हलेनात.

"परत ठेवा," त्या पुजाऱ्यांना म्हणाल्या.

"आक्का, साडेतीन वाजून गेले."

"तुज्या घड्याळावर देव जेवतो व्हय गं, मास्तरीणबाई?"

दुसऱ्यांदा चार पेढे परत आले आणि आक्कांचा चेहरा उजळला. पण पाच वाजायला आले होते.

घाट उतरताना मी ब्रेक इतके दाबले की बोटं बधिर झाली. कालवा ओलांडला तेव्हा सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता. पुढे छोटा चढ होता. घाईत मी पायाचा जोर न काढताच गिअर बदलला. खाडकन आवाज झाला आणि मागचं चाक जागीच अडकलं. साखळी दात्यांवरून उतरून चाकाच्या तारांत रुतली होती. सायकल ढकलता येईना, की ओढता येईना.

"सोडून द्या आक्का. सकाळी कुणालातरी पाठवू."

"नातवाची सायकल वाघाला ठिवायची व्हय? बस खाली आन् काढ... न्हाई, तुला कुठं बसता येतंय." त्यांनी आपली सायकल आडवी केली. "तू हुबी ऱ्हा. माज्याकडं पाठ कर. आन् बोल. मोठ्यानं बोल."

आणि त्या उकिडव्या बसल्या. चूक माझी, गुडघे माझे, आणि बसल्या त्या.

उंच दिसावं म्हणून मी हात वर केले, पण बोलायला काही सुचेना. तीस वर्षं वर्गात बडबड केलेली मी! शेवटी जे तोंडात बसलं होतं तेच आलं. हजेरी.

"रोल नंबर वन!"

"हजर!" खालून आक्का ओरडल्या.

"रोल नंबर टू!"

"हजर! आगं, जरा दमानं घे, वरात न्हाई कुठं जायची."

मी हसले नाही. दहा झाले, वीस झाले. प्रत्येक हजरबरोबर एक श्वास सोडत होते. पंचविसाच्या आसपास डावीकडच्या उसात सळसळ झाली. वारा नव्हता. पाती हलली, थांबली, मग जरा पुढे हलली. मी तिथून नजर काढली नाही.

"रोल नंबर ट्वेंटी-नाइन!"

"हजर."

"रोल नंबर थर्टी!"

उत्तर नाही.

"रोल नंबर थर्टी! आक्का!"

मागे वळावं तर उसावरची नजर सुटणार. न वळावं तर आक्का मागे आहेत की नाही, तेही कळेना. हात वर धरून मी रडवेल्या आवाजात तोच आकडा ओरडत राहिले.

"आगं व्हय!" मागून आवाज आला. "केसातला आकडा दातात धरला व्हता, बोलू कशी? त्यानंच निघाली बघ तुजी साखळी."

चाक गरगर फिरलं. आम्ही सायकली हातात धरूनच, जवळजवळ पळत, मोठ्याने बोलत वस्ती गाठली. सळसळ कशाची होती, ते अजून माहीत नाही. रानडुक्करही असेल.

ओट्यावर आक्कांनी हात धुवायला तांब्या उचलला आणि पाणी सगळं पायावर सांडलं. त्यांचे हात ग्रीसने काळे झाले होते. मी तांब्या घेतला आणि पाणी घातलं.

"तू गप झाली अस्तीस ना," त्या हात चोळत म्हणाल्या, "तर मी तितंच बसून ऱ्हायले अस्ते. उटता आलं नस्तं मला."

त्यानंतर आम्ही दोनदा पुन्हा जायचं ठरवलं. दोन्ही वेळा आक्कांना ऐनवेळी काम निघालं. मीही आग्रह केला नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. याल तेव्हा सायकली टेम्पोत घालून घाटाच्या पायथ्याला नेऊ आणि तिथून वर जाऊ. खालच्या रस्त्याने मात्र ऊस तुटेपर्यंत मी तुम्हाला नेणार नाही. तुम्ही रुसलात तरी चालेल.