अक्रूर नावाड्याची मांजरं

नबीनगंजात कुणी मांजरावर काठी उगारत नाही. उगारणार कशी? मांजर म्हणजे षष्ठीदेवीचं वाहन, आणि घरातली पोरंबाळं तिच्याच पदराखाली वाढायची. वाहन दुखावलं तर देवी कुणाच्या लेकराकडे बघेल? पण म्हणून ताटातला मासा पळवणाऱ्या मांजराला लोक ओवाळत बसत होते असंही नाही. त्यावर गावानं एक तोड काढली होती. मांजर पोत्यात घालायचं, दिशा कळू नये म्हणून पोतं दोन-चार वेळा गरगर फिरवायचं, आणि जलंगी नदीच्या पलीकडे सोडून द्यायचं. मध्ये वाहतं पाणी आलं की वास तुटतो, वाट तुटते आणि पापही तुटतं. याला म्हणायचं ‘पार करणं’. आणि पार करणारा गावात एकच, घाटावरचा अक्रूर नावाडी.

कृष्णाला गोकुळातून नेणाऱ्याचं नाव बापानं ठेवलं, त्याला तो बिचारा काय करणार! गोकुळातल्या बायकांनी त्या अक्रूराच्या नावानं बोटं मोडली होती. नबीनगंजातल्या बायका मात्र ह्या अक्रूराला पानाचा विडा द्यायच्या.

एकदा मोक्षदापिशी घाटावर आली. पिशी म्हणजे आत्या. ही सगळ्या गावाची आत्या. लहानपणी विधवा झालेली, चूल वेगळी, त्या चुलीवर मासा सोडाच, कांदासुद्धा कधी चढला नाही. हातात तोंड बांधलेलं पोतं.

“अक्रूर, हे जरा पार कर रे.”

“काय आहे पिशी?”

“काय असायचंय? जुनंपानं.”

पोत्यातलं जुनंपानं गुरगुरलं.

“जुन्यापान्याला मिशा फुटल्यात वाटतं.”

“तोंड आवर, मेल्या! काल माझ्या चुलीपाशी माशाचं मुंडकं आणून ठेवलं त्यानं. वर माझ्याकडे बघतोय कसा, जणू मलाच नैवेद्य आणलाय. तीनदा अंघोळ केली मी.” मग आवाज उतरवून म्हणाली, “काट्याकुट्यात सोडू नकोस हो. चार माणसांची वस्ती बघून सोड.”

आता पलीकडच्या काठावर चार माणसांची पहिली वस्ती म्हणजे खुद्द अक्रूरचं घर. तो पोतं घेऊन चढण चढायचा, अंगणात गाठ सोडायचा, मांजर बाहेर यायचं, अंग झटकायचं आणि बायकोच्या, सुरबालाच्या, स्वयंपाकघराचा रस्ता धरायचं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. गावाला वाटायचं, अक्रूर मोठा कठोर माणूस, आलेलं मांजर दृष्टीआड करून टाकतो. आणि इकडे अक्रूरच्या घरात आठ मांजरं होती, की नऊ. मोजायला ती कधी एका जागी बसली तर ना!

प्रत्येकाची तऱ्हा निराळी. शाळामास्तरांकडून आलेला पंडित. त्याला माणूस ज्या कामात गुंतलं असेल नेमकं त्याच्यावर बसायचं असे. जाळं विणायला घेतलं की जाळ्यावर, भाजी चिरायला घेतली की भाजीवर. मिठाईवाल्यांची बतासी मासा खायची नाही. चुरमुरे खायची, तेही मोहरीचं तेल लावलेले. आणि पिशीचं ते जुनंपानं म्हणजे दारोगा. हा एवढा थोरला बोका, एक कान फाटका. तो अक्रूरबरोबर नावेत यायचा, टोकावर बसायचा आणि चढणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीची झडती घ्यायचा. म्हणून तर दारोगा. गावात त्याला ओळखणारी एकटी पिशी, आणि ती कधी नावेत चढत नसे. पिशवीत मासा असलेला माणूस मुकाट्यानं नावेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसे.

शिवाय एक साळुंकी होती. घाटावरच्या हाका ऐकून ऐकून ती शिकली होती, “अक्रूरदाऽ, नाव आणाऽ!” भाताचा पहिला घास तोंडाशी नेला की ही ओरडणार, आणि अक्रूर उष्ट्या हातानं घाटावर धावणार. घाट रिकामा. परत येईतो ताटावर पंडित बसलेला.

“मांजरं पाळलीत, पाखरू पाळलंत, आता मला एक दावं घेऊन बांधा कुठंतरी,” सुरबाला म्हणायची. पण म्हणता म्हणता माशाचे काटे वेगळे काढून नारळाच्या करवंटीत टाकायची.

हे सगळं सुखानं चाललं होतं ते लेकीच्या लग्नापर्यंत. लेक टेपी, एकुलती एक. राणाघाटच्या सुधन्य शिंप्याशी लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी रिवाजाप्रमाणे नवऱ्याकडून मासा आला. चांगला हातभर रोहू, अंगाला तेल-हळद, कपाळी शेंदूर, लाल कापडात गुंडाळून नवरीसारखा नटवलेला. ओसरीवर ठेवला होता. बायका शंख फुंकायला वळल्या, तेवढ्यात दारोगानं त्याला डोक्याशी धरलं आणि लाल पदरासकट फरफटत केळीच्या बागेत नेलं. नवऱ्याच्या मामानं ते बघितलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला, “अरे धावा, नवरी पळाली!”

झालं. लोक हसले, जेवले, गेले. पण टेपीच्या सासूनं ते गाठीला बांधून ठेवलं. भाजीत मीठ कमी पडलं की, “मांजरवाल्याची लेक, तिला माणसांचा स्वयंपाक कुठून यायचा?” उशिरा उठली की, “त्यांच्याकडे मांजरंच उठवतात वाटतं.” हे सगळं सुरबालाच्या कानावर येत होतं.

पुढे ज्येष्ठातली जावईषष्ठी आली. लग्नानंतरची पहिली. त्या दिवशी जावई सासुरवाडीला यायचा, सासूनं उपास धरायचा, मनगटाला पिवळा दोरा बांधायचा, ताडपंख्यानं वारा घालायचा आणि खाऊ घालून घालून त्याला उठता येईनासं करायचं.

“अहो टेपीचे बाबा, ऐकलंत का?” सुरबाला दोन दिवस आधी म्हणाली. “त्या दिवशी ह्या घरात एकही मांजर दिसता कामा नये.”

“एक दिवस कोंडून घालू की गोठ्यात.”

“तुमच्या दारोगाला कोंडणारा गोठा अजून बांधला जायचाय. जावयाच्या ताटाला मांजराचं तोंड लागलं, तर माझ्या पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. पार करा सगळी.”

“मी? पार?”

“सगळ्या गावाची करता, स्वतःची करायला हात मोडले का?”

सुरबाला पूजेसाठी तांदळाच्या पिठाची मांजर करत होती. षष्ठीच्या पूजेत ती लागतेच. काळे डोळे, छोटी शेपूट, मोठ्या मायेनं घडवत होती. अक्रूर बघत राहिला.

“पिठाच्या मांजरीला नैवेद्य, आणि जित्या मांजरीला देशोधडी. छान!”

“माझ्याशी वाद नको. लेक तुमचीही आहे.”

अक्रूर उठून घाटाकडे गेला. लेक त्याचीही होतीच.

षष्ठीच्या आदल्या दिवशी भल्या पहाटे, घाटावर चिटपाखरू नसताना, त्यानं नाव सोडली. पोतं एकही घेतलं नाही. पोत्यात घालायला त्याचे हात धजेनात. सुक्या मासळीचा तुकडा नावेत ठेवला, आणि मांजरं आपणहून चढून बसली, तीर्थाला निघालेल्या म्हाताऱ्यांसारखी. दारोगा टोकावर. नबीनगंजाच्या घाटाला नाव लागली, मांजरं उतरली, शेपट्या उभ्या करून चढण चढली आणि आपापल्या गल्लीत शिरली. अक्रूरनं पाठ फिरवली आणि वल्हं मारलं. मध्यावर आल्यावर त्याला कळलं की आपण वल्हं उलटं धरलंय.

तिकडे गावात जे झालं ते काही विचारू नका. पंडित मास्तरांच्या घरी गेला आणि तपासायला काढलेल्या पेपरांवर जाऊन बसला. मास्तरीणबाईंच्या हातातलं भांडं पडलं. बतासी मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर. आणि दारोगा तडक पिशीच्या चुलीपाशी.

“अगं बाई!” पिशीनं कपाळाला हात लावला. “हा तर पलीकडे गेला होता! पाणी ओलांडून आला!”

घरोघरी हीच हाकाटी. ज्यांना पार केलं ती सगळी परत आली, आणि तीही षष्ठीच्या आदल्या दिवशी! ह्याचा अर्थ सांगायला भटजी कशाला हवा? देवीनंच आपलं वाहन पाठवलं होतं, कोण कसं वागवतं ते बघायला. मग काय, कुणी दूध काढलं, कुणी गादी घातली. पिशीनं दारोगासाठी गोविंदभोग तांदळाची खीर चढवली. दाराशी मांजरं बसली होती ती जावयासारखी, आणि खरे जावई अजून गाडीतच होते.

दुसऱ्या दिवशी अक्रूर लेक-जावयाला आणायला घाटावर गेला. कोरं धोतर, हातात मिठाईचा हंडा, असा सुधन्य उभा होता. शेजारी टेपी, डोळे सुजलेले. आणि सुधन्यच्या दुसऱ्या हातात पोतं.

पोतं हललं. अक्रूरनं आयुष्यभर पोतीच वाहिलेली. त्याला एका हिसक्यात कळलं. पण पहिल्या जावईषष्ठीला आलेल्या जावयाला ‘पोत्यात काय आहे’ म्हणून विचारायचं कसं? त्यानं वल्हं घेतलं. नाव मध्यावर आली तसा सुधन्य घसा खाकरून म्हणाला, “बाबा, हे जरा... पार करायचं होतं.”

टेपीनं पदर तोंडाशी धरला.

“कुणाचं?” अक्रूरनं विचारलं.

“हिचं. दारात आलेलं पिल्लू, हिनं दूध पाजून वाढवलं. आई म्हणाली, माहेरची खोड इथं नको, जाता जाता नदीपार सोडून ये.” सुधन्यनं मान खाली घातली. “माझ्या पायांवर झोपतं ते रात्री. शिलाई करताना दोऱ्याशी खेळतं. पण आईपुढे काय बोलणार?”

अक्रूरला वाटलं, घरी गेल्यावर सुरबाला हे पोतं बघेल, आणि मग लेकीची, जावयाची, आपली, कुणाचीच धडगत नाही.

सुरबालानं पाट मांडला, पिवळा दोरा बांधला, पंख्याचा वारा घातला, दूर्वेनं पाणी शिंपडलं. ताटात रोहूचं मुंडकं, भोवती वाट्या, कोळंबी, इलिश मासा, आंब्याची चटणी. सुधन्यनं पहिला घास घेतला आणि ओसरीवरचं पोतं ‘म्यांव’ म्हणालं.

सुरबालाचा पंखा थांबला. तिनं नवऱ्याकडे बघितलं.

“माझं नाही,” अक्रूर घाईघाईनं म्हणाला. “तुझी शपथ. जावयाचं आहे.”

टेपी रडायलाच लागली आणि रडत रडत तिनं सगळं सांगितलं. सुरबाला ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावरचा राग कुठंतरी गेला आणि तिथं दुसरंच काही आलं. बाजारात समोरच्याचा तराजू खोटा निघाला की बाईच्या चेहऱ्यावर येतं ना, तसं.

“म्हणजे विहीणबाईंच्या घरी मांजर आहे,” ती म्हणाली. “आणि आज षष्ठीच्या दिवशी त्यांनी देवीचं वाहन पोत्यात घालून घराबाहेर काढलं. पहिल्या जावईषष्ठीला. घरात नवी सून असताना.”

“मा, तसं नाही...” सुधन्य चाचरला.

“तुम्ही जेवा, जावईबापू. इलिश निवतोय.” तिनं पोत्याची गाठ सोडली. करड्या रंगाचं बोटभर शेपटीचं पिल्लू बाहेर आलं आणि थेट ताटाकडे निघालं. सुधन्यनं रोहूच्या मुंडक्याचा तुकडा मोडला आणि ताटाबाहेर, केळीच्या पानावर ठेवला. पिल्लू खाऊ लागलं.

सुरबालानं उरलेला पिवळा दोरा घेतला, पिल्लाच्या गळ्यात सैलसर बांधला, दूर्वेचं पाणी त्याच्याही डोक्यावर शिंपडलं.

“हे तुमच्याबरोबर परत जाईल. विहीणबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि म्हणावं, षष्ठीचा दोरा बांधलेलं मांजर माहेराहून आहेरात दिलंय. नातवंडं हवी असतील तर सांभाळा, नको असतील तर खुशाल पार करा.”

टेपी रडता रडता हसायला लागली. सुधन्यनं दुसऱ्यांदा भात मागितला.

हात धुताना सुरबाला नवऱ्याला हळूच म्हणाली, “उद्या जाऊन आणा तुमचं बिऱ्हाड. कालपासून काटे टाकायला जागा नाही मला.”

अक्रूर दुसऱ्या दिवशी गेला. पंडित आणि बाकीची घाटावरच भेटली. षष्ठी सरल्यावर लोकांची भक्ती जरा आटली होती. बतासीला मिठाईवाल्यांनी ठेवून घेतलं. राहता राहिला दारोगा. पिशीच्या दारात तो घडी घातलेल्या घोंगडीवर बसला होता, पुढ्यात खिरीची वाटी. अक्रूरनं हाक मारली. त्यानं मान वळवली, ओळखपाळख नसल्यासारखं बघितलं आणि मिशा चाटल्या.

“देवीनं धाडलाय, आता नाही द्यायची मी,” पिशी म्हणाली.

पुढचे काही दिवस नावेचं टोक रिकामंच गेलं. लोक बिनधास्त मासे घेऊन चढायचे, आणि अक्रूरला त्यांचा राग यायचा.

मग एके दुपारी पिशी घाटावर उभी दिसली. कडेवर दारोगा. खीर, दूध, वरणभात ह्यांनी तो उतरला होता, आणि तिच्याकडे असं बघत होता, की बघवत नव्हतं.

“पोतं आणलं नाहीस पिशी?”

“तो काय चोर आहे पोत्यात घालायला? चल, मीच पोचवायला येते. बघू तरी दे, नेतोस कुठं.”

अक्रूरनं नाव सोडली. चढण चढून पिशी अंगणात आली आणि उभीच राहिली. ओसरीवर पंडित, वळचणीला मुखर्ज्यांकडून आलेली तांबूस मांजरी, तुळशीपाशी आणखी दोन. नबीनगंजाची निम्मी हद्दपार मंडळी तिथं उन्हात लोळत होती.

“ही सगळी इथं?” ती सुरबालाला म्हणाली.

“काय करू पिशी, गाव पार करतं, आणि मी वाढते.”

सुरबालानं करवंटीत माशाचं डोकं टाकलं. दारोगानं पिशीच्या कडेवरून उडी घेतली. माशाचा वास आला तशी पिशी पदर नाकाला लावून भिंतीकडे तोंड करून बसली. पण उठली नाही. तसंच भिंतीकडे बघत म्हणाली, “अगं, काटा आधी काढ! अडकेल मेल्याच्या घशात.”