उसना देव्हारा

आमच्या गावात पुरा ख्रिस्ती एकच मानूस होता, लिंबाजीकाका. बाकी आम्ही सगळे अर्धे-पाव. माझं तर पावाच्याबी खाली. नाताळच्या जेवनाला पयला, प्रार्थनेला शेवटचा. डोळे मिटा म्हनलं की मी एकच मिटतो. दुसऱ्यानं बगत राहतो, आनखी कुनी उघडा ठेवलाय का ते. सातवीतून शाळा सोडली तवा मास्तर म्हनले, "ग्यानोबा, तुझं कशातच ध्यान न्हाई." चर्चचे पाळकसाहेबबी हेच म्हनत्यात. त्या दोघांची कधी भेट झाली न्हाई, तरी मत एकच.

लिंबाजीकाका माझा सख्खा चुलता. बाप गेल्यावर त्यानंच मला वाढवलं, म्हनून त्याला कुनी वाकडं बोललं की माझा हात आधी उठतो, तोंड मागून. तरनेपनी उदगीरच्या पाळकांनी त्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पानी घातलं आन तवापासून गडी हलला न्हाई. लिवता-वाचता येत न्हाई, पन स्तोत्रं तोंडपाठ. दोन साल पाऊस न्हवता, सगळा मांगवाडा रोजगार हमीवर खडी फोडून राहिला होता. काका पयला घाव घालायच्या आधी एकदा वर बगायचा. मीबी वर बगायचो, जेवायच्या सुट्टीला किती टाईम हाय ते.

त्याच सालात पावसासाठी गावानं मरीआईला बोकड कापलं. आमच्या घरी वाटा आला. काकानं तो परत धाडला. "देवीला दावलेलं आपन खात न्हाई." घरात भाकरीसंगं निस्ती मिरची होती. मी गुमान शेजारच्या पार्वतीबाईकडं गेलो. तिथं दोन वाटे खाल्ले आन मरीआईची गानीबी पोटभर म्हनली. परत आलो तर काकानं तोंडाचा वास घेतला.

"तोंड धू. मंग प्रार्थनेला बस."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लातूर जिल्हा तवा नवाच झालेला. नवी कचेरी, नव्या खुर्च्या, नवे कारकून. काकाची पोरगी शिवकांता मॅट्रिक झालेली, आमच्या खानदानीत पयली. तिला कागद आला. कारकुनाच्या राखीव जागेवर निवड झाली, महिन्याच्या आत जातीचा दाखला घिऊन हजर व्हा.

आता गोम सांगतो. शाळेच्या रजिस्टरात आमची सगळ्यांची जात 'हिंदू मांग'. कागदावर हिंदू, रविवारी ख्रिस्ती, असं आमचं पयल्यापासून. कारन कागदावर ख्रिस्ती लिवलं की राखीव जागा गेली. तुमचं मांगपन कुनी काढून घेत न्हाई, हाटेलात कप तुमचा येगळाच राहतो. सवलत तेवढी काढून घेत्यात. चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांनी असे दाखले काढले, कुनाचं काय बिघडलं न्हाई. पन शिवकांताच्या नावानं कुन्या जळक्यानं तहसीलला अर्ज टाकला, ही पोरगी ख्रिस्ती हाय. हुकूम निघाला, गिरदावर घरी येऊन चौकशी करनार. गिरदावर म्हंजी तलाठ्याच्या वरचा साहेब. घरात देव दिसले तर दाखला, न्हाई दिसले तर खडी फोडा.

आन आमच्या घरात देव एकबी न्हाई. भिंतीवर लाकडी क्रूस.

मी म्हनलो, "काका, देव उसने आनू."

काका उठला, क्रूस काढला, कापडात गुंडाळला आन माझ्या हातात दिला. "तुझ्या खोलीत ठेव. तिथं कुनी देव शोधायला येनार न्हाई."

पन भिंत समदी चुलीच्या धुरानं काळी, आन क्रुसाच्या जागी पांढरी फुली! आधीपेक्षा जास्त दिसायला लागली. सारवावं तर पानी कुठं? टँकर चार दिसाला यायचा. शिवकांतानं प्यायची घागर वतली आन ती फुली सारवली. मी पार्वतीबाईच्या दारात गेलो.

"माय, एका दिसासाठी तुझे देव दे."

"देव म्हंजी पाटा-वरवंटा हाय का रे?"

"शिवकांताची नोकरी हाय, माय."

म्हातारीनं मला वरून खालपतुर बगितलं. मंग खंडोबाचा टाक, शेंदूर लावलेला मरीआईचा दगड, पितळी लक्ष्मी, सगळं परातीत काढलं. "दिवस बुडायच्या आत आनून दे. माझ्या देवाला परक्या घरात करमत न्हाई. आन उपाशी ठेवू नको त्यांना, तुमच्यावानी."

मी सारवलेल्या भिंतीखाली पाटावर देव मांडले. दुपारी गिरदावर आला, संगं तलाठी. वाकून देव्हाऱ्याकडं बगितलं. काकाला विचारलं, "रोज पूजा करता?"

"हाव," काका म्हनला. खाली बगून.

"कोनते देव हायत हे?"

काकानं टाकाकडं बगितलं, मंग दगडाकडं. चाळीस साल ज्यांच्याकडं ढुंकून बगितलं न्हाई, त्यांची नावं कुठून सांगनार? टाक कुनाचा, दगड कुनाचा, त्याला खरंच ठावं न्हवतं. गिरदावरानं पेन उचललं.

मंग मी घुसलो. "साहेब, काकाला ऐकू कमी येतं." आन सुरूच झालो. हा खंडोबा, चंपाषष्ठीला ह्याला वांग्याचं भरीत. ही मरीआई, हिचा वार मंगळवार. कुनाला भंडारा, कुनाला शेंदूर, कुनाला कोंबडं, सगळं बोटावर. मरीआईचं गानंबी म्हनलं, तीन कडवी. तलाठी मान डोलवायला लागला. चोरून खाल्लेला एक-एक घास त्या दिशी कामाला आला. मनात म्हनलो, ग्यान्या, आयुष्यात पयल्यांदा परीक्षेत पास झालास, आन विषय बग कोनता!

गिरदावर हसला. "ठीक हाय. जबाबावर अंगठा द्या." आन वाचून दावलं. मी जन्मानं हिंदू असून ख्रिस्ती धर्माशी माझा वा माझ्या कुटुंबाचा काही संबंध नाही.

"बा, नको," शिवकांता म्हनली. "मी जाते खडीवर. मला येतं ते काम."

काकानं तिच्या हाताकडं बगितलं. उन्हाळ्यात खडी फोडून तिच्या तळहाताला घट्टे पडले होते, त्याच्यासारखेच. शाईच्या डबीत अंगठा बुडवला आन दिला. चांगला दाबून दिला.

दाखला आला. शिवकांता पत्र्याची पेटी घिऊन लातूरच्या गाडीत बसली. मी सगळ्या वाडीत मिशीला पीळ देत फिरलो, जसा काय साहेब मीच झालो.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब प्रभुभोजन द्यायला आले. येशूच्या नावानं भाकरीचा तुकडा, मनात पाप आसंल तर घ्यायचा न्हाई. काका आला, पन आत आला न्हाई. चर्चच्या भायेर लिंबाखाली बसला. मी आत. मागून कुजबुज ऐकू आली, "देव मांडले म्हनं घरात. अंगठाबी दिला."

माझं डोस्कं फिरलं. प्रार्थनेच्या मधीच उभा राहिलो. "ज्याच्या घरात हिंदूचा दाखला न्हाई त्यानं काकाला बोलावं! उठा, कोन उठतं?"

कुनी उठलं न्हाई. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आन त्या दिशी कुनीच एक उघडा ठेवला न्हवता. पाळकसाहेब म्हनले, "ग्यानोबा, खाली बस." मी बसलो न्हाई. भायेर जाऊन काकाच्या बाजूला बसलो.

शेवटी पाळकसाहेब स्वतः ताट घिऊन लिंबाखाली आले. "लिंबाजी, घ्या. देव मन बगतो."

"त्यानं बगितलं आसंल," काका म्हनला. "पन मी अंगठा कुनाच्या जबरीनं दिला न्हाई साहेब, जानून, चांगला दाबून दिला. आज घेत न्हाई."

ताट माझ्यापुढं आलं. माझा हात आपोआप गेला, खायचं दिसलं की जातोच. तुकडा उचलला आन काकाकडं बगितलं. म्हनलो, "काका, खोटं तर मीच जास्त बोललो. गानं म्हनलं."

"घे, घे," काका म्हनला. "तू काय, कायबी बोलतो. तुझं कोन धरतं?"

मायेनं म्हनला. पन मला ते असं लागलं, की मास्तरांची छडीबी कधी लागली न्हाई. ह्या मानसाचं एक 'हाव' त्याला जेवू देईना, आन माझी तीन कडवी हिशोबातच न्हाईत. ना देवाच्या, ना सैतानाच्या.

मी तुकडा परत ताटात ठेवला. पाळकसाहेब ताट घिऊन आत गेले.

"आता तुला काय झालं?" काकानं विचारलं.

"भूक न्हाई," मी म्हनलो.

सकाळपासून पोटात कन न्हवता.