लायलला काढावं लागलं तो हिवाळा
ऑरेस्ट हॅलिचुक आमच्या टॅमरॅक फॉल्सच्या आइस हॉकी संघात अकरा हंगाम बचावाला खेळला. संघाचं सामान मी सांभाळायचो, स्केटना धार लावायचो, त्यामुळे त्याची एकेक जखम मला तोंडपाठ होती. मोठ्या लीगमधून त्याला एकदाच बोलावणं आलं. चार दिवस तिथल्या बाकावर बसून परत आला. कसं होतं विचारलं, तर म्हणाला, "टॉवेल झकास होते."

गोल करणं त्याचं काम नव्हतंच. सुसाट येणाऱ्या पकच्या, त्या टणक रबरी चकतीच्या, वाटेत अंग टाकायचं, बस. त्याच्या जोडीला डावीकडे लायल थिबो. नऊ वर्षं दोघं बरोबरच बर्फावर उतरायचे. लायलच्या लग्नात त्याच्या शेजारी ऑरेस्टच उभा होता.

मग जानेवारीत ऑरेस्टचा उजवा गुडघा कायमचा गेला. चालता येईल, खेळता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच आठवड्यात, सलग चौदा सामने हरल्यावर, आमचा प्रशिक्षक टेबलावर किल्ल्या ठेवून गाव सोडून गेला. संघमालकीण पेल्कीबाई ऑरेस्टच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या.

"शिकवायचंही तूच, आणि कोण राहणार, कोण जाणार तेही तूच ठरवायचं."

"बाई, मला फक्त आडवं पडता येतं."

"मग तेवढं तरी शिकव त्यांना. उरलेल्या वीस सामन्यांत काही दिसलं नाही, तर मी संघ बंद करणार."

आम्हाला गोली, म्हणजे गोलरक्षक, हवा होता. एक मिळत होता, पण तोही मुरलेला, आणि लीगच्या नियमाने संघात असे जुने खेळाडू चारच ठेवता येत. आमचे चार आधीच भरले होते, त्यांत लायल; एक जाणार होता. बाकीचे तिघे गोल करत होते.

ऑरेस्टने हे लायलला माझ्याच खोलीत सांगितलं. लायल धार लावायला स्केट घेऊन आला होता.

"लायल, आज धार नको."

"का रे, बर्फ वितळला?"

"तुला सोडतोय मी. नव्या गोलीला जागा हवी."

लायल हसला. मग हसायचा थांबला. "मीच का?"

"डावीकडून लोक तुला वळसा घालून जातात. दोन वर्षं झाली."

"मला कोणी बोललं नाही कधी."

"कारण मागे मी असायचो."

लायलने माझ्याकडे पाहिलं. मी धारेच्या चाकाकडे पाहत राहिलो.

"म्हणजे दोन वर्षं तू माझं झाकलंस," तो म्हणाला, "आणि आज तूच उघडं पाडतोयस."

स्केट काखेत मारून तो निघून गेला.

नवा गोली आला तरी आम्ही आणखी सात हरलो. प्रत्येक सामन्याआधी ऑरेस्ट माझ्या खोलीतल्या बादलीत ओकायचा, तोंड पुसायचा आणि पोरांसमोर जायचा. वजन उतरलं, कोट खांद्यावरून लोंबायला लागला. शेवटी तो लायलच्या दारात गेला. गाडी मी चालवत होतो.

दार लायलच्या बायकोने, नोरीनने उघडलं. "तो सोफ्यावरून उठत नाही रे ऑरेस्ट. मुलीला शाळेत सोडायलाही जात नाही. वाटेत तुमची बर्फाची रिंक लागते ना."

ऑरेस्ट तिच्या खांद्यावरून आत ओरडला, "लायल, पोरांना बचाव शिकवायला ये. मला एकट्याला जमत नाहीये."

आतून आवाज आला, "बरं झालं."

नोरीनने दार लावलं. ऑरेस्ट पायरीवरच बसला, उणे तीस थंडीत, उघड्या डोक्याने. उठवायला मला दोन्ही हात लावावे लागले.

दुसऱ्या दिवशी सरावाला तो साधे बूट घालून बर्फावर गेला आणि गोलसमोर आडवा झाला. "मारा!"

कोणी काठी हलवेना.

"अरे पक मारा ना! मला दुसरं काही येत नाही, हेच दाखवतो. तोंड वळवायचं, हात पोटाशी घ्यायचे, डोळे मिटायचे नाहीत. मारा!"

तिसऱ्या फटक्याला त्याची बरगडी मोडली. तो तसाच पडून बोलत राहिला. मग हळूहळू एकेक पोरगा त्याच्या शेजारी आडवा पडू लागला.

उरलेल्या तेरापैकी आम्ही पाच जिंकलो. तरी तळालाच राहिलो. पेल्कीबाईंनी संघ चालू ठेवला.

लायल पुढच्या वसंतात घर विकून पश्चिमेला गेला, लाकडाचे ट्रक चालवायला. ऑरेस्टने पाठवलेली पत्रं न उघडता परत यायची.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. ऑरेस्ट अजून तीच दोन्ही कामं करतो. गेल्या शरदात, संघनिवडीच्या दिवशी, मी त्याला विचारलंच, "लायलच्या बाबतीत चुकलास असं वाटतं का?"

"नाही," तो म्हणाला. "चुकलो असतो तर माफी तरी मागता आली असती."

मग त्याने दार उघडलं आणि काढायच्या दोघांपैकी पहिल्याला नावाने हाक मारली.