आईच्या चमकीची चाचणी

वडलांना आम्ही दादा म्हणायचो, आणि दादांना कुठल्याही गोल वस्तूबद्दल एकच प्रश्न पडायचा: साईज किती? निफाडजवळच्या आमच्या गावात द्राक्षबागायतदाराला दुसरा प्रश्न सुचणं कठीणच होतं. नव्वदच्या दशकात गावचा माल परदेशी जायला लागला आणि प्रत्येकाच्या खिशात भोकं पाडलेली एक पट्टी आली. मणी भोकात अडकला तर तो बोटीत बसणार, भोकातून पडला तर गावच्या बाजारात जाणार. दादा ती पट्टी लग्नकार्यालाही जवळ ठेवायचे. पंगतीत लाडू वाढला की त्यांचा हात खिशाकडे जायचा असं आई म्हणायची. मी स्वतः पाहिलेलं नाही.

आईला त्यांनी हिऱ्याची चमकी कबूल केली होती ती माझ्या जन्माच्याही आधी. तिचं नाक टोचलेलं होतं आणि भोक बुजू नये म्हणून त्यात सोन्याची बारीक तार होती. दर हंगामाला 'यंदा नक्की' व्हायचं आणि चमकीऐवजी घरात ठिबकच्या नळ्या, नाहीतर ट्रॉलीचे टायर यायचे. आई काही बोलायची नाही. दादांसमोर ती एकूणच कमी बोलायची. ते पहाटे बागेत आणि रात्री जेवून आडवे, मग बोलायचं कधी? मी नाशिकला कॉलेजात होते. सुट्टीला घरी आले की ती माझ्याशी इतकं बोलायची की माझे कान किटायचे.

एका वर्षी माल खरंच चांगला गेला आणि आम्ही तिघं सराफ बाजारात जाऊन बसलो. सराफ ओळखीचा होता. त्यानं दोन पुड्या उलगडल्या. एकीत चांगला मोठा हिरा होता, दुसरीत त्याच्या निम्मा. किंमत दोघांची जवळपास सारखीच.

दादांनी खिशातून पट्टी काढली. दोन्ही हिरे सगळ्यात बारीक भोकातूनसुद्धा आरपार खाली पडले.

"म्हणजे दोन्ही रिजेक्ट," दादा पडेल आवाजात म्हणाले.

"काका, हा द्राक्षाचा मणी नाही," सराफ गादीवर हिरे शोधत म्हणाला. मग त्यानं समजावलं. मोठ्याचे पैलू नीट पाडलेले नव्हते, त्यामुळे आत शिरलेला उजेड खालून निघून जायचा. बारक्याचे पैलू मापात होते; तो सगळा उजेड वर परत फेकायचा.

"म्हणजे मोठा गळका हाय."

"तसं समजा."

"पण लांबून दिसंल."

"दिसेल. चमकणार नाही."

"आणि बारका चमकंल, पण दिसणार नाय." सराफानं दोन्ही पुड्या चार-आठ दिवस घरी नेऊन बघायला दिल्या.

सुटा हिरा नाकावर टिकणार कसा? कुंकवाखाली लावायचं मेण होतं. मी ते आईच्या नाकपुडीवर लावून त्यावर आधी मोठा हिरा चिकटवला, तिला घराबाहेरच्या ओट्यावर उभं केलं, आणि दादा तिच्याकडे तोंड करून उलटे चालत बागेत शिरले. दोन ओळी मागे गेले, तिसऱ्या ओळीपाशी पाण्याच्या चारीत पडले आणि चिखलात बसूनच ओरडले, "मोठा दिसतोय." मग बारका लावला, तो दुसऱ्या ओळीतच दिसेनासा झाला. निकाल लागल्यात जमा होता. तेवढ्यात आईनं माशी हाकलायला मान झटकली आणि पार मागे पाण्याच्या मोटारीच्या खोलीपर्यंत गेलेले दादा ओरडले, "आत्ता काय केलंस?"

"माशी होती."

"परत कर."

आईनं मान हलवली. बारका लखलखला. थांबली की विझला. "नंदीबैलासारखी मान किती वेळ हलवू?" ती म्हणाली, आणि तो पुन्हा चमकला.

"बोल," दादा जवळ येत म्हणाले. "बोलताना बराबर चमकतोय."

"काय बोलू?"

"काय पण बोल."

आई आधी वांग्यांवर बोलली. मग तिच्या भावाच्या वास्तुशांतीवर आली, तिथं दादा फवारणीमुळे गेले नव्हते. "हं, चालू दे," दादा म्हणाले. त्यांची नजर नाकावर होती. मग आई स्वयंपाकघराच्या पत्र्यावर आली. "गळका हिरा दुकानात बसल्या बसल्या कळला. गळका पत्रा इतकी वर्षं नाय कळला."

"पत्र्याचं मला कधी सांगितलं नाय."

"विचारलं कधी?"

हिरा नुसता पेटला होता.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, कालचा उजेड खरा नव्हता, संध्याकाळी परत बघा. मग बल्बखाली बघा. मग मोठ्यावर अन्याय नको म्हणून तोही परत लावला. मोठ्याची चाचणी मिनिटात उरकायची, कारण त्याला बोलायची गरज नव्हती. बारक्याच्या चाचणीत दूध उतू जायचं. शेजारची काकू बघायला आली आणि म्हणाली, "मोठाच घ्या. हा तर नाकाला साखरेचा दाणा चिकटल्यागत दिसतोय." सगळ्या गल्लीचं तेच मत पडलं.

"तुला कुठला पाहिजे?" मी आईला चुलीपाशी विचारलं.

"माझ्याच नाकावर असणार, मला थोडाच दिसणार हाय?" भाकरी उलटत ती म्हणाली. मग चुलीत काटकी सरकवत म्हणाली, "मोठा घेतला तर तुझे दादा लांबूनच बघून जातील."

मला फार वाईट वाटलं आणि दादांचा रागही आला. पण त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

सराफाचा निरोप आला तेव्हा आम्ही पुन्हा दुकानात गेलो. दादा मोठाच घेणार हे मी धरून चालले होते. त्यांनी दोन्ही पुड्या गादीवर ठेवल्या आणि बारकी पुढे सरकवली.

"पैलू पटले म्हणायचे," सराफ खूश होऊन म्हणाला.

"पैलूबिलू मला कळत नाय. पण ही गप्प बसली की हा पण गप्प बसतो. लगेच कळतं."

आईनं पदर सारखा केला आणि रस्त्याकडे बघत राहिली.

त्याच आठवड्यात पत्रा बदलला. मग छाटणी आली आणि दादा पुन्हा बागेत हरवले. अशाच एका रात्री जेवताना आई नाकाला हात लावून म्हणाली, "चमकीची फिरकी ढिली झाल्यासारखी वाटतेय. बघा बरं." दादांनी हात धुतले, टॉर्च आणला, तिच्यासमोर बसले. "घट्ट हाय," ते म्हणाले. "नीट बघा," आई म्हणाली, आणि बोलायला लागली.

तेव्हापासून ती फिरकी वर्षानुवर्षं ढिली होत राहिली. एकदा सुट्टीत मी ती स्वतः काढून बघायला गेले तर पक्कड आणावी लागली. मी तशीच दादांकडे गेले आणि सांगितलं.

"मला माहीत हाय," ते म्हणाले, आणि टॉर्च घेऊन आईसमोर जाऊन बसले.