सातवा ठिपका

तर्जनी वर करून कारखान्यातले काका म्हणायचे, "थांब पोरी. एवढ्यात वाढलं म्हणू नगं." समोर मॅनेजर असोत की मी, बोट तेवढंच वर आणि आवाज तेवढाच मोठा. पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या धडधडाटात उमेदीची सगळी वर्षं गेल्यामुळे त्यांना अर्धंमुर्धंच ऐकू यायचं.

चाकणच्या आमच्या कंपनीत पुढे ते माल तपासणाऱ्या क्वालिटी विभागात आले, मी त्यांच्या हाताखाली नवखी. तुमच्यापैकी कुणी कारखान्यात असेल तर हा नियम ठाऊक असेल: पार्टचं माप सरासरीच्या रेघेच्या कधी वर, कधी खाली जायचंच. पण आलेखावर सलग सात ठिपके रेघेच्या एकाच बाजूला पडले, की समजायचं, काहीतरी खरंच बदललंय.

या गृहस्थांनी हा नियम थेट विज्ञानाला लावला! कपाटाच्या दाराला आतून ग्राफपेपर चिकटवलेला. कारखान्यातल्या आवाजाने येणाऱ्या बहिरेपणावर जगात किती शोधनिबंध आले, ते दर तीन महिन्यांनी जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवर मोजायचे.

"काका, हे कशाला?" मी विचारलं.

"माझे कान तर गेले. पण शास्त्रज्ञ आपल्याला विसरले का, एवढं तरी कळाया पाहिजे."

एकदा आकडा असा उसळला की मी ओरडलेच, "काका, वाढलं!" बोट वर. मग त्यांनी कामगारांच्या आरोग्यावरचे सगळेच निबंध मोजले. सगळेच वाढले होते, आणि त्यात कानांचा वाटा उलट घटला होता.

"जत्रेत गर्दी वाढली म्हंजे आपला माणूस आला असं न्हाई," ते म्हणाले.

मला भयंकर राग आला, कुणाचा ते कळेना. त्यांनी मात्र शांतपणे खोडरबर घेतलं. हजार निबंधांत कानांचे किती, असा हिशेब लावून जुने ठिपके पुन्हा मांडले, नवी रेघ ओढली.

आणि काय सांगू, पुढचे ठिपके रेघेच्या वर पडू लागले! तीन. चार. पाच! दर मोजणीला माझा चहा गार व्हायचा. सहावाही वर पडला आणि ते निवृत्त होऊन लातूरकडे गावी निघाले. कपाटाची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "खाली पडला तर खालीच मांड."

सातवा मी तीनदा मोजला. वर! लगेच फोन लावला. "काका, सात!"

"कोण? काय म्हणतीस?" त्यांना काही ऐकू येईना.

शेवटी व्हिडिओ कॉल लावून ग्राफच कॅमेऱ्यासमोर धरला. चष्मा चढवून ते जवळ आले, ओठ हलवत एकेक ठिपका मोजू लागले. सवयीने बोट वर गेलं. सातव्यावर पोचले तसं ते हळूहळू खाली आलं.

"वाढलं, पोरी," ते म्हणाले. इतक्या हळू, की मलाच नीट ऐकू आलं नाही.