दुपारची सुई

दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. आमचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, मॅकवर चालतं, लिनक्सवर चालतं, असं कंपनी गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगते. ते खरंच चालतं का, हे बघणं माझ्याकडे. एका सिस्टीमवर गुण्यागोविंदानं नांदणारी गोष्ट दुसरीवर गेली की तोंडावर आपटते, आणि ती का आपटली हे शोधण्यात माझी अकरा वर्षं गेली. त्यातून मला थोडा माज आला. थोडा कसला, चांगलाच आला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या माजामुळे झालं.

मी मूळची हिंगोलीकडची. आधी भूगावात फ्लॅटमध्ये राहायची, पण शेजारी रोज नवी इमारत उठायची आणि दिवसभर ड्रिलची घरघर. मीटिंगमध्ये मला माझंच बोलणं ऐकू येईना. म्हणून कासार आंबोलीत एका शेतकरी घराच्या वरच्या दोन खोल्या घेतल्या आणि घरूनच काम करायला लागले. घरमालकीण काकू जबरदस्त बाई. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी त्यांनी अंगणापलीकडे बंगला बांधला होता. पाहुणे दारू पिऊन दंगा करतात म्हणून एक दिवस त्यांना कायमचं हाकललं आणि तिथं म्हाताऱ्या माणसांना ठेवून घ्यायला सुरुवात केली. आठ म्हातारी माणसं, सकाळी एक नर्स, आणि दोन वाजल्यापासून रात्रीपर्यंत एक मावशी. ही मावशी जवळच्याच वस्तीवरची, वयानं माझ्याहून लहान असेल, पण सगळे मावशीच म्हणायचे. सुई कशी टोचायची हे तिला नर्सनं शिकवलं होतं आणि तिचा हात नर्सपेक्षा हलका होता.

तिथं औषधांची नोंद एका वहीत व्हायची. ती वही एकदा माझ्या हातात पडली आणि माझं डोकंच फिरलं. तेलाचे डाग, खाडाखोड, कुणाच्या गोळीपुढे कुणाची खूण. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच हौसेनं एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. प्रत्येक माणसाच्या नावापुढे तीन चौकोन: सकाळ, दुपार, संध्याकाळ. औषध बाकी असेल तर लाल, दिलं की हिरवा. दाबायचं बटण एकच, ‘दिलं’. कोणता चौकोन हिरवा करायचा ते घड्याळ बघून प्रोग्रामच ठरवणार, म्हणजे घाईत कुणी भलताच दाबायला नको. आपण किती हुशार, असं मला तेव्हा वाटलं होतं.

तिथला कॉम्प्युटर जुना, विंडोजवर रडतखडत चालायचा. मी त्यावर लिनक्स टाकलं, तर पळायला लागला. पण विंडोज पुरतं काढता येईना, कारण काकूंची ग्रामपंचायतीची आणि तहसीलची सगळी पत्रं जुन्या मराठी फाँटमध्ये होती आणि तो फाँट तिथंच चालायचा. मग दोन्ही ठेवलं. काकूंना पत्र लिहायचं असलं की त्या मशीन बंद करून विंडोजवर चालू करायच्या, पत्र झालं की परत लिनक्सवर आणून ठेवायच्या. माझा प्रोग्राम मी विंडोजवर तपासला होता, लिनक्सवरही तपासला होता. एकावरून उठून दुसऱ्यावर गेल्यावर काय होतं, ते मात्र तपासलं नव्हतं.

वही मी बंद करायला लावली. सगळ्यांना समोर बसवून शहाणपण शिकवलं. इथली माणसं विसरतात, जेवून उठलेला माणूस जेवण कधी म्हणून विचारतो, तेव्हा कुणी काही म्हणो, स्क्रीन म्हणेल ते खरं. मावशीनं मान डोलावली.

त्या आठांमध्ये एक कंडक्टरकाका होते. एसटीतून रिटायर झालेले, जुना मधुमेह, दिवसातून तीनदा इन्सुलिन. आठांत दुपारचं औषध त्यांना एकट्यालाच. मी गेले की विचारायचे, कुठं उतरणार? मी म्हणायची, शेवटच्या स्टॉपला. त्यावर खूश व्हायचे. मुलाचं नाव कधी आठवायचं, कधी नाही. पण आज काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, सुई पोटाच्या डाव्या बाजूला टोचली की उजव्या, हे त्यांचं कधी चुकायचं नाही. हे मी नंतर विचार केल्यावर लक्षात आलं. तेव्हा माझ्या लेखी ते विसरणाऱ्यांपैकी एक होते.

त्या दिवशी रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं केबल तोडली आणि अकराच्या सुमारास सगळीकडचं नेट गेलं. ते परत आलं दीड वाजता. मी तोवर फोनच्या नेटवर काम चालवलं. दोन वाजता मीटिंग सुरू झाली. मॅकवर एक फाइल उघडत नव्हती आणि ती चूक आमची नसून समोरच्या टीमची आहे हे मी पुराव्यानिशी सिद्ध करत होते. अगदी रंगात आले होते. तेवढ्यात मावशीचा फोन आला.

“ताई, काका म्हणत्यात दुपारची सुई झाली म्हून. पर हितं दुपारचं लाल हाय, आन् संध्याकाळचं हिरवं दिसतंय. काय करू?”

“लाल आहे ना? मग द्या. दर वेळी मला काय विचारता?”

ती बरं म्हणाली. मी फोन ठेवला आणि मीटिंगमध्ये परत घुसले.

पाऊणएक तासानं मीटिंग संपली तेव्हा काकू वर आल्या. हातात छापलेलं पत्र, पाण्याच्या पाइपलाइनबद्दल ग्रामपंचायतीला लिहिलेलं. जरा नजरेखालून घाला म्हणाल्या. मी वाचत होते आणि त्या बोलत होत्या. सकाळी टाइप करायला बसल्या तेव्हा नेट होतं, पत्र छापून होईतो ते गेलं, मग तसंच मशीन बंद करून तुमचं ते चालू करून दिलं, असं त्या सहज म्हणाल्या. मी पत्राची दुसरी ओळ वाचत होते. तिसरी वाचलीच नाही.

प्रकरण साधं आहे. कॉम्प्युटरच्या पोटात एक बारकं घड्याळ असतं. विंडोज त्यात आपली इथली वेळ ठेवतं. लिनक्स समजतं की त्यात ग्रीनिचची वेळ आहे, आणि आपली वेळ काढायला त्यात साडेपाच तास मिळवतं. विंडोजवरून लिनक्सवर आलं की आधीच इथल्या असलेल्या वेळेत आणखी साडेपाच तास पडतात. एरवी नेट असतं, ते क्षणात वेळ दुरुस्त करतं, म्हणून इतके महिने कुणाला काही कळलं नाही. त्या दिवशी नेट नव्हतं. नर्सनं पाऊणच्या सुमाराला काकांना सुई दिली तेव्हा मशीनच्या लेखी संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते. प्रोग्रामनं संध्याकाळचा चौकोन हिरवा केला. नर्स घाईत असावी, तिनं बघितलं नाही. दीडला नेट आलं, वेळ बरोबर झाली, नर्स घरी गेली, आणि दुपारचा चौकोन लाल राहिला.

मावशीनं मला सगळं सांगितलं होतं. दुपारचं लाल, संध्याकाळचं हिरवं, आणि माणूस म्हणतोय झालं. दुपारी दोनला संध्याकाळचं हिरवं कसं असेल? हा प्रश्न विचारायचाच तर मला पगार मिळतो. लोक बिघाड नीट सांगत नाहीत म्हणून मी आयुष्यभर बोंबलले, आणि तिनं इतका नीट सांगितला तेव्हा तिच्यावर खेकसले.

जिना कसा उतरले ते आठवत नाही. पायात चप्पल नव्हती. काकू मागून काय झालं, काय झालं विचारत येत होत्या.

काका खाटेवर बसले होते. कपाळावर घाम, हात थरथरत होते. मला बघून म्हणाले, पिरंगुटवाले पुढं या, पिरंगुटवाले. त्यांची नजर माझ्यावर नव्हती. मावशीनं बोटातून रक्त काढून साखर तपासली. अठ्ठावन्न; सत्तरच्या खाली जाता कामा नये. मी म्हटलं, साखरेचं पाणी, आत्ता. काकूंनी साखर आणली, मी पेला धरला, पण घाईत निम्मं त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. शेवटी मावशीनं पेला माझ्याकडून काढून घेतला आणि घोट घोट पाजलं.

पिरंगुटचे डॉक्टर फोनवर भेटले. दर पंधरा मिनिटांनी तपासा, गिळता येतंय तोवर साखर देत राहा, शुद्ध गेली तर एक क्षण न थांबता घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. काकूंच्या दिरांनी जीप दारात आणून लावली. पंधरा मिनिटांनी परत तपासलं. सेहेचाळीस. साखर पाजूनही खाली चालली होती. आत गेलेलं इन्सुलिन बाहेर काढता येत नाही, एवढं एकच डोक्यात घुमायला लागलं.

मला भीती वाटली, ती दोन प्रकारची होती. पहिली त्यांच्यासाठी. दुसरी सांगायला लाज वाटते. पोलीस येतील का, नोकरी जाईल का, हिंगोलीला आईला काय सांगू. आणि मग असंही मनात आलं की प्रोग्राम माझा आहे, वर जाऊन दोन ओळी बदलल्या तर दुपारचा चौकोन पाऊण वाजल्यापासूनच हिरवा होता असं दिसेल, आणि मग सुई कुणाच्या सांगण्यावरून दिली हे फक्त मावशीला ठाऊक राहील. मी उठून उभीही राहिले होते. काकांनी त्याच वेळी माझा हात पकडला, कशासाठी कोण जाणे, आणि मी परत खाली बसले.

तिसऱ्यांदा एक्काहत्तर आलं. चौथ्यांदा शहाण्णव. काकांनी मान वर करून चहा मागितला. मी ओढणीत तोंड खुपसून रडले. सहा वाजेपर्यंत आम्ही तपासत राहिलो. संध्याकाळच्या सुईचं डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं होतं.

धोका टळला तेव्हा काकूंचा राग बाहेर पडला, तो मावशीवर. काका सांगत होते झाली म्हणून, तुला कान नाहीत का, उद्यापासून येऊ नको, असं बरंच. मावशीनं माझं नाव घेतलं नाही. फक्त माझ्याकडे बघितलं आणि वाट बघत राहिली. खोटं कशाला बोलू, मी लगेच बोलले नाही. काकूंचं आणखी दोन-तीन वाक्यं बोलून झालं, तोवर मी गप्प होते.

मग म्हटलं, “मी सांगितलं होतं, द्या म्हणून. तिनं मला विचारलं होतं.”

काकू माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, खोली सोडा म्हणतील. म्हणाल्या, “मग उद्यापास्नं सुईच्या टायमाला तुमी हितं येऊन बसायचं. त्ये लॅपटॉप वरच ठिवून.”

दुरुस्तीला चहा करण्याइतकाही वेळ लागला नाही. दोन्ही सिस्टीमना घड्याळात एकच वेळ ठेवायला सांगितलं, स्क्रीनवर मोठी वेळ लावली, वेळ अचानक उडी मारेल तर प्रोग्राम थांबेल असं केलं. वही परत सुरू केली. माणूस ‘झाली’ किंवा ‘नको’ म्हणाला तर सुई थांबवायची आणि नर्सला फोन करायचा, असा नियम केला.

आठवड्यानंतरची गोष्ट. दुपारी मी काकांच्या खाटेजवळ बसले होते. नर्सनं माझ्या डोळ्यांदेखत सुई दिली, वहीत लिहिलं, बटण दाबलं आणि शेजारच्या खोलीत गेली. पाच मिनिटं झाली असतील. नियम नीट चालतो का बघावं, म्हणून मी काकांना विचारलं, काका, दुपारची सुई झाली का?

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या स्क्रीनकडे, पण चष्मा नव्हता, त्यांना दिसेना.

“मला कशाला विचारता?” ते म्हणाले. “तुमचं ते काय म्हणतंय, ते बघा.”

आणि सदरा वर करून त्यांनी पोट पुढं केलं.